कौसल्याबाईंचं पान

"कौसल्याबाई गेल्या," दाभोळेसाहेब म्हणाले. "पुण्यात. टीव्हीवर पट्टी चाललीय. कुमुदनं लिहून ठेवलंय ना त्यांच्यावर? काढ बघू."

मी नुकतीच ऑफिसात येऊन टेकले होते. केस ओले होते. कुमुदच्या घरून परतल्यावर डोक्यावरून अंघोळ केली आणि तशीच निघाले. दुपारी तिला नेलं होतं. तिचा नवरा विलासराव आणि मुलगा स्मशानातून परत आले, त्यांना पाणी दिलं, आणि मग तिथं काय करायचं तेच मला कळेना. म्हणून घरी गेले, आणि घरीही कळेना म्हणून ऑफिसला आले.

"आज, साहेब?" मी म्हणाले.

"मग कधी? बाई आज गेल्या." बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला. "तू नको करूस वाटल्यास. दुसऱ्या कुणाला तरी बसवतो."

"नको. मीच करते."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या एका दैनिकात मी सिनेमाची पुरवणी बघायचे. बघायचे म्हणजे मी आणि कुमुद हेरवाडकर, दोघी मिळून. शुक्रवारी नव्या पिक्चरचा पहिला खेळ, शनिवारी परीक्षण, मधल्या दिवसांत कोण कुणाबरोबर दिसलं, कुणाचं मोडलं, कुणी नाकाचं ऑपरेशन केलं. "आपण म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या चुलतसासवा आहोत, उज्जे," कुमुद म्हणायची. "लोकांच्या घरात डोकवायचं आणि वर पगार घ्यायचा."

थिएटरात ती शेंगा खात बसायची. पिक्चर रद्दी असला तर टरफलं जोरात फोडायची. मध्यंतरापर्यंत पदरात किती टरफलं साठली त्यावरून मला परीक्षणाचा अंदाज यायचा. मला रडके पिक्चर आवडायचे आणि तिला मारामारीचे. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि दोघींना अगदी मनापासून भांडायला मिळावं असं आयुष्यात तेवढंच होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नामांकित माणूस वयस्कर झाला की त्याच्यावरचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवायचा. ऐन वेळी धावपळ नको. कॉम्प्युटरवर अशा लेखांसाठी कुमुदनं एक वेगळी जागा केली होती आणि तिला नाव दिलं होतं 'लोणचं'. "जितकं मुरेल तितकं बरं," असं तिचं म्हणणं. नवीन आलेली पोरं ते नाव बघून आधी हसायची आणि आत काय आहे ते कळलं की गप्प बसायची.

त्या लोणच्यातली सगळ्यात जुनी फोड म्हणजे कौसल्या पन्हाळकर. तरुणपणी तमाशाच्या पिक्चरांत नाचल्या, पुढं खाष्ट सासू म्हणून इतक्या गाजल्या की बाजारात बायका त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायच्या. म्हातारपणी सगळं सोडून आजऱ्याला भाचीकडं येऊन राहिल्या होत्या. कुमुद दर दिवाळीला एसटीनं आजऱ्याला जायची, फराळाचा डबा न्यायची, दिवसभर बसून गप्पा मारायची आणि परत आली की त्या लेखात काहीतरी बदलायची. एखादं वाक्य काढायची, एखादं घालायची. मी तो वाचला होता. आमच्या दोघींच्या नोकरीत तेवढी एकच गोष्ट लिहिली गेली, जी आम्हाला कुणाला दाखवताना लाज वाटली नसती. पण दाखवणार कशी?

"माझं चांगलं म्हणून जे काही लिखाण आहे ते छापून यायला एका बाईनं मरायला पायजे," ती म्हणायची. "आणि बाई तर ठणठणीत! काल चकली मोडून खाल्ली माझ्यासमोर."

मग कुमुदलाच पोटाचं दुखणं निघालं. शेवटच्या महिन्यात मी दवाखान्यात रोज जायचे. एकदा तिनं त्या लेखाचा छापील कागद मागवून घेतला, उशीवर ठेवून दोन शब्द खोडले आणि मला म्हणाली, "उज्जे, कौसल्याबाईंनी माझ्याआधी जावं असं मला वाटतं. पाप आहे का गं हे?"

"आहे."

"असू दे मग. मला एकदा ते छापलेलं बघायचंय. माझ्या नावासकट."

ती गुरुवारी सकाळी गेली. आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर पट्टी आली की कौसल्याबाई गेल्या.

मी लोणच्यातून लेख काढला. मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, काहीच होत नव्हतं. हात चालत होते, डोळे वाचत होते. दिवस आणि ठिकाण यासाठी कुमुदनं पहिल्या परिच्छेदात जागा मोकळी सोडली होती. तिथं मी 'गुरुवारी पुण्यात' असं घातलं.

दाभोळेसाहेब मागे येऊन उभे राहिले. "मुंबई ऑफिस सगळ्या आवृत्त्यांना एकच पान पाठवतंय," ते म्हणाले. "तयार. फोटोंसकट. तेच लावून टाकू."

"साहेब, बाई आपल्या भागातल्या. मुंबईच्या माणसाला आजरा कुठं आहे ते तरी माहीत आहे का? कुमुदचा लेख वाचा तरी."

त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. मग शेजारची खुर्ची ओढून बसले.

"हेच लावू," ते म्हणाले. "अख्खं पान. पण नाव तुझं टाक."

"का?"

"का म्हणजे? मयत माणसाचं नाव मयताच्या लेखावर? एका पानावर तिचा लेख आणि दुसऱ्या पानावर तीच गेल्याची बातमी? लोक खुळ्यात काढतील आपल्याला."

"काढू देत."

"उज्ज्वला, हट्ट करू नको. नाव नसलं तरी चालेल. 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणू."

"तिचं नाव नसेल तर मुंबईचं पान लावा," मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता. मला राग आला होता असंही नाही. मला एवढंच माहीत होतं की ते नाव त्या लेखावर यायला पाहिजे, आणि त्याच्या पलीकडचं काहीच माहीत नव्हतं.

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "घरच्यांना विचार. त्यांची हरकत नसेल तर बघू."

मी फोन लावला. विलासरावांनीच उचलला. मागं बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी भांडी घासत होतं.

"विलासराव, मी उज्ज्वला. कौसल्याबाई गेल्या."

"कोण?"

"कौसल्याबाई पन्हाळकर. आजऱ्याच्या. कुमुदचा लेख छापतोय आम्ही उद्या. तिचं नाव घातलं तर चालेल का?"

त्यांनी मागं वळून कुणाला तरी भांडी थांबवायला सांगितलं.

"आज गेल्या होय," मग म्हणाले. "एक दिवस आधी जायला काय झालं होतं बाईला!" आणि लगेच, "नाही, तसं नव्हे. तसं म्हणायचं नव्हतं मला. घाला, उज्ज्वलाताई. नाव मोठं घाला. सकाळी पेपर आला की तिच्या फोटोपुढं ठेवतो."

मी दाभोळेसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ठीक आहे. ठेव नाव. पण मग जागेचं काय ते बघ. पहिलं पान सगळं कौसल्याबाईंचं म्हटलं की बाकीच्या बातम्या आत ढकलाव्या लागणार. कुमुदची बातमी चार ओळी कर."

कुमुदची बातमी मी दुपारीच तिच्या घरी बसून लिहून आणली होती. फार मोठी नव्हती. पण त्यात ती थिएटरात शेंगा खायची ते होतं, आणि तिनं घडवलेली दोन-तीन पोरं आता कुठं कुठं आहेत ते होतं. मी ती कापली. राहिलं ते असं: ज्येष्ठ पत्रकार कुमुद विलास हेरवाडकर यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, मुलगा असा परिवार आहे. रक्षाविसर्जन शनिवारी सकाळी आहे.

कापताना हात थांबला नाही. नेहमी दुसऱ्यांच्या कापतो तशीच कापली. तिचा लेख तिच्या नावासकट येणार होता, मला तेवढं पुरे होतं.

पट्टी खरी की खोटी हे कुणी पडताळलं नाही का, असं आता कुणी विचारेल. साहेबांनी आजऱ्याच्या वार्ताहराला फोन लावला होता, पण त्याच्या घरी मुलीचं लग्न होतं, तो सापडेना. कौसल्याबाई डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेल्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पट्टी एका नव्हे, दोन-तीन वाहिन्यांवर चालली होती. मुंबई ऑफिसनं पान केलं होतं. शंका कुणाला यावी? कौसल्याबाईंच्या घरचा नंबर आमच्या ऑफिसात एकाच माणसाला तोंडपाठ होता. असल्या वेळी कुमुद आधी घरी फोन लावायची, "काकू, जेवलात का?" असं विचारून खात्री करायची, आणि मगच लोणच्याला हात लावायची.

डाक आवृत्ती सुटली. डाक म्हणजे लांबच्या तालुक्यांची आवृत्ती. गडहिंग्लज, आजरा, चंदगडला सकाळी पोचायची म्हणून ती आधी छापतात, शहराची नंतर. डाकचं पान एक मी डोळ्यांनी बघितलं. वर कौसल्याबाईंचा मोठा फोटो, खाली लेख, आणि त्यावर कुमुद हेरवाडकर. मग मी घरी जाऊन झोपले. झोप लागली, त्याचंही मला काही वाटलं नाही.

सकाळी दारातला पेपर उचलला. पान एकवर पाणीपट्टीची बातमी होती आणि एका पुलाचं उद्घाटन होतं. कौसल्याबाई नव्हत्या. मी आतली पानं उलटली. कुठंच नव्हत्या. सातव्या पानावर खाली कोपऱ्यात कुमुदच्या चार ओळी होत्या.

दाभोळेसाहेबांना घरी फोन केला.

"अगं, मी करणारच होतो तुला," ते म्हणाले. आवाज पार बसलेला. "बाई जिवंत आहेत. धडधाकट. बुधवारीच ऑपरेशन करून आजऱ्याला परतल्यात. पट्टी काढून टाकली नंतर वाहिन्यांनी, कुणाच्या चुकीनं आली देव जाणे. शहर आवृत्तीतनं लेख काढला. पण डाकच्या गाड्या सुटल्या होत्या, त्या कशा परत बोलवणार? आज माफी छापायची. शेण खाल्लंय आपण, उज्ज्वला."

"म्हणजे शहरात तो लेख कुणीच वाचला नाही."

"सुदैव म्हण."

"आणि कुमुदची बातमी? पान मोकळं झाल्यावर ती पूर्ण का नाही लावली?"

"राहून गेलं गं. त्या गडबडीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

विलासरावांच्या घरी शहर आवृत्ती जायची. फोटोपुढं ठेवायला त्यांनी पेपर उघडला असणार, पहिलं पान बघितलं असणार. तो फोन मात्र मी केला नाही. मला जमलंच नाही.

ऑफिसला गेले. टेबलावरचा फोन वाजायचा थांबत नव्हता. गडहिंग्लजहून एक गुरुजी म्हणाले, बाईंच्या जाण्यानं पोरकं वाटतंय. चंदगडच्या कुठल्या तरी महिला मंडळानं शोकसभा ठेवली होती. प्रत्येकाला मी एकच सांगत होते, "त्या हयात आहेत, आमची चूक झाली, उद्याच्या अंकात खुलासा येईल." चौथ्या-पाचव्या फोननंतर ते वाक्य माझं मलाच ऐकू येईना.

मग एक फोन आला आणि पलीकडून असा आवाज आला की मी खुर्चीत ताठ झाले. तो आवाज सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलेला होता. सुनांना घराबाहेर काढणारा आवाज.

"मी मेलीया म्हणं," कौसल्याबाई म्हणाल्या.

"बाई... बाई, आम्हाला माफ करा, चूक—"

"माफीचं ऱ्हाऊ दे बाजूला. दारात हार घेऊन मानसं उभी हाईत. भाची एकेकाला परत लावतीया. एक तर मला बघून तिथंच मटकन बसला. त्या हेरवाडकरला दे फोन. तिचा कानच धरते."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"दे की! दरसाल दिवाळीला येऊन, करंज्या घालून, गोडगोड बोलून काय इचारायची ते आज कळलं मला! मी म्हणायची, बाईला किती माया. आणि ही माझ्या मरणाची तयारी करत हुती!" आणि मग एकदम आवाज खाली आला. "पर लिवलंय झकास. डोळ्याला पट्टी हाय, भाचीकडनं दोनदा वाचून घेतलं. सांग तिला. आधी कान धरते, मग सांगते. बोलीव तिला."

"बाई, कुमुद गेली."

"कुठं गेली?"

"वारली. काल सकाळी. आजारी होती. तो लेख तिनं आधीच लिहून ठेवला होता."

पलीकडं लांब कुठं तरी कोंबडं ओरडत होतं आणि दारातली माणसं बोलत होती.

"दिवाळीला आली न्हाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं रागावली का काय. फोन करायचा मनात आलं हुतं. न्हाई केला." मग त्यांनी विचारलं, "तू कोण?"

"मी उज्ज्वला. तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. मैत्रीण."

"म्हंजे तूच ती उज्जी. रडक्या पिच्चरवाली." मला वाटलं त्या हसतील, पण हसल्या नाहीत. "मग तिच्यावर कुणी लिवलं?"

"मी."

"भाचीला वाचाय सांगते. कुठल्या पानावर हाय?"

"सातव्या. खाली कोपऱ्यात." मला ते सांगताना मान वर करवेना, जणू त्या समोर बसल्या होत्या. "चारच ओळी आहेत, बाई. जागा नव्हती."

"चार?" त्या म्हणाल्या. "मी जित्ती असून मला अख्खं पान, आणि ती मेली तर चार ओळी?"

दाभोळेसाहेब त्यांच्या केबिनमधून माझ्याकडं बघत होते. कुणाचा फोन आहे ते त्यांना कळलं असावं, कारण ते लगेच खाली बघायला लागले.

"सांग मग," कौसल्याबाई म्हणाल्या. "कशी हुती बाई ती? दरसाल माझंच बोलून घ्यायची, सोताचं कवा बोलली न्हाई. मला आज येळ हाय. दारातली मानसं थांबतील."

"काय सांगू?"

"ती मला इचारायची तसं मी तुला इचारते. सगळे पेपरवाले येऊन इचारत्यात, पहिला पिच्चर कुठला, हिरो कोन हुता. ही पयल्यांदा आली आणि म्हणाली, काकू, ल्हानपणी तुम्हाला काय व्हायचं हुतं? तवर कुणी इचारलं नव्हतं मला. माझ्या आईनं न्हाई, नवऱ्यानं न्हाई. मी नुसती बघत बसले तिच्याकडं." "तर सांग. तिला काय व्हायचं हुतं?"

मी तोंड उघडलं. तिच्या चहात साखर किती ते मला माहीत होतं. तिचा चपलेचा नंबर माहीत होता. कुठल्या नटावर तिचा जीव होता, कुठल्या डॉक्टरवर तिचा विश्वास नव्हता, सगळं माहीत होतं. एवढी वर्षं एका भिंतीला पाठ लावून बसलो, जगातल्या यच्चयावत लोकांबद्दल बोललो, आणि हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणाले. "मला माहीतच नाही."

आणि तिथंच, भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत मला रडू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी हुंदका बाहेर आलाच. पोरं वळून बघायला लागली. दाभोळेसाहेब उठून आले, आणि काय करावं ते न कळून तसेच उभे राहिले. मी फोन ठेवायला गेले.

"ठेवू नगंस," कौसल्याबाई पलीकडून म्हणाल्या. "रड. मी हाय. कुठं जात न्हाई."